स्टूल आहे ना जागेवर?

साहेब प्रत्येक गोष्टीचा वास घ्यायचे. आधी तेच सांगतो, कारण त्यांची आठवण काढली की आमच्या ऑफिसातल्या माणसांना अजून पहिलं नाकच आठवतं. चहा आला की वास. नवीन फाइल आली की वास. वायरमन बोर्ड उघडून बसलेला असला की हे मागून जाऊन त्याच्या खांद्यावरून नाक आत घालायचे. वायरमन दचकून म्हणायचा, सर जी, करंट है. साहेब म्हणायचे, नाकाला लागत नाही. माणूस हवाईदलातला, विमानांच्या वायरिंगवर उभी नोकरी काढलेली. त्यांचं म्हणणं असं, की कुठलीही वस्तू जळायच्या आधी वास देते. डोळ्यांना दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

मी त्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये बसतो. चंदीगडला, सेक्टर ३४ मध्ये. फौजेत ड्रायव्हर होतो, लेहपर्यंत ट्रक नेलेत. गाव साताऱ्याकडचं, माण तालुक्यातलं. शाळा चौथीपर्यंत, तीही मास्तर आले तर. पेन्शनीत आल्यावर गावी जायचं ठरलं होतं, पण बायकोला हे शहर आवडलं. रस्ते सरळ आहेत आणि नळाला पाणी येतं, ह्याच्यापुढं तिला काही नको होतं. सेक्टर २२ मध्ये खोली घेतली, आणि एका मराठी सुभेदारानं साहेबांना सांगून मला इथं चिकटवलं. साहेब ह्या ऑफिसचं सगळं बघायचे. लिफ्ट, लाइट, पाणी, गाड्या, माणसं.

साहेब नागपूरचे. पहिल्या दिवशी मला म्हणाले, "सातारचे का तुम्ही? म्हणजे तोंडानं फटकळ असाल." मी म्हटलं, "आणि तुम्ही नागपूरचे, म्हणजे दुपारी झोपत असाल." त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं आणि म्हणाले, उद्यापासून या.

थंडीत त्यांच्या टेबलावर किन्नूचा ढीग असायचा. किन्नू म्हणजे पंजाबातलं संत्रं, साल घट्ट, रस बक्कळ, बियाही बक्कळ. नागपूरच्या माणसाला ते बघूनच राग यायचा. रोज सकाळी एक हातात घ्यायचे, वास घ्यायचे, म्हणायचे, "हे काय संत्र आहे का बावा?" आणि खायचे. दुसरं घ्यायचे, तेच म्हणायचे, तेही खायचे. समोर बसलेल्याला फोडी द्यायचे, पण सगळ्यांना सारख्या नाहीत. जो खरं बोलतोय असं वाटेल त्याला जास्त. थापा मारणाऱ्याच्या समोर साल सरकवायचे. ऑफिसातली माणसं मीटिंगमधून बाहेर आली की एकमेकांना विचारायची, कितनी फाँकें मिलीं?

आमची मंडळी थंडीत दुपारचा डबा घेऊन चालत यायची आणि पार्किंगच्या भिंतीला टेकून उन्हात लसूण सोलत बसायची. साहेब मुद्दाम जिना उतरून तिच्याशी भांडायला यायचे. तुमच्या ठेच्यात तिखट कमी असते म्हणायचे. ती म्हणायची, तुम्ही तिखटात ठेचा घालता, आम्ही ठेच्यात तिखट घालतो. मग दुसऱ्या दिवशी त्यांच्यासाठी वेगळ्या डबीत ठेचा यायचा. डबी उघडून वास घ्यायचे आणि काही न बोलता वर घेऊन जायचे. ती म्हणायची, बघा, गप झाले. म्हणजे जमलाय.

मग एका वर्षी दिवाळीच्या आधी ती गेली. काय झालं, कसं झालं, ते लिहीत नाही. सेक्टर पंचवीसच्या स्मशानात साहेब होते, लांब झाडाखाली उभे. दोन-तीन दिवसांनी खोलीवर आले. तोपर्यंत बरीच माणसं येऊन गेली होती. शेजारणी, फौजेतले, इथल्या मराठी मंडळातले. सगळ्यांनी सांगितलं, धीर धरा. मला तेव्हा धीर म्हणजे काय आणि तो धरायचा कुठून, काही कळत नव्हतं. साहेब आले, खुर्चीवर बसले, आणि बसल्या बसल्या त्यांचं नाक हललं. उठून सरळ स्वयंपाकाच्या ओट्याकडं गेले. गॅसची नळी बोटानं चाचपली, वाकून वास घेतला, आणि बाहेर निघून गेले. मला वाटलं, गेले. थोड्या वेळानं बावीसच्या मार्केटातून नवी नळी घेऊन आले. ओट्यासमोर मांडी घालून नळी बदलली, साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघितलं, हात धुतले. जाताना म्हणाले, "हळूहळू लीक होती. तुम्हाले वास आला नाही, कारण तुम्ही सध्या घरात नाही." दुःखाच्या घरी येऊन नळी बदलून गेलेला हा एकच माणूस मी बघितला.

खरं होतं त्यांचं. खोलीत मी नव्हतोच. पुण्याहून मुलगा फोन करायचा, बाबा इकडं या. नातवंडं इंग्रजीत बोलतात, मी त्यांच्यात काय करू? मला जायला एकच जागा उरली होती, पार्किंगमधलं माझं लाकडी स्टूल. सकाळी उठायचं ते त्या स्टुलासाठी. नाहीतर दिवसभर खुंटीवरची तिची शाल बघत बसलो असतो, आणि तसं बसलेलं माणूस फार दिवस बसत नाही.

तेवढ्यात मशीन आलं.

झालं असं, की ऑफिसातल्या काही जणांनी विजेवरच्या गाड्या घेतल्या होत्या. घरी चार्ज करायची सोय सगळ्यांकडं नव्हती. ही माणसं खिडकीतून एक्स्टेन्शनच्या वायरी खाली सोडायची आणि गाडी लावायची. एकदा प्लग वितळला. साहेबांना तिसऱ्या मजल्यावर वास आला, कुणी वायरीला हात लावायच्या आधी हे खाली हजर. गुडगावच्या हेड ऑफिसनं ऐकलं आणि हुकूम आला, पार्किंगमध्ये नीट चार्जर लावा. थ्री फेज, आणि नेटला जोडलेला, म्हणजे कुणी किती वीज घेतली ते गुडगावला बसून दिसेल. कुठलं मशीन घ्यायचं ते साहेबांनी ठरवायचं. आणि त्याच फोनवर, हे मला साहेबांनी स्वतः सांगितलं, गुडगावनं विचारलं की मशीन सगळं आपलं आपण करणार असेल, तर पार्किंगमध्ये माणूस कशाला लागतो?

मी विचारलं, तुम्ही काय सांगितलं? म्हणाले, सांगितलं की पाहून राहिलो.

मग मशीनवाले येऊ लागले. साहेबांनी मीटिंग वर घेतली नाही. पार्किंगमध्ये टेबल मांडलं, किन्नू ठेवले, मशीनवाल्याला खुर्ची दिली आणि मला शेजारी स्टुलावर बसवलं. मी म्हटलं, माझं काय काम? म्हणाले, गाड्यांजवळ तुम्ही असता, मी नाही.

पहिला आला तो सूट घालून. मशीन काचेसारखं चकचकीत, मोठा पडदा, गाडी लावली की पडद्यावर नमस्ते यायचं. साहेबांचा प्रश्न ठरलेला होता. मशीन काय करतं हे ते विचारायचेच नाहीत. म्हणायचे, ते तुमच्या कागदात असेल. बिगड़ने पर क्या करती है, वो बताओ. तो हसून म्हणाला, सर, बिगड़ती ही नहीं. साहेबांनी त्याच्यासमोर साल सरकवली. त्यानं मग आणखी जोर लावला. मोबाइलवर सगळं होतं, ज्याची गाडी तो वरूनच चालू करतो, भरली की मेसेज जातो, सर, आदमी की ज़रूरत ही नहीं. साहेब म्हणाले, ज़रा फिर से बोलिए. त्यानं पुन्हा म्हटलं. माझ्या तोंडावर.

दुसरा आला, त्यानंही तेच म्हटलं. साहेबांनी त्यालाही पुन्हा म्हणायला लावलं. त्याच्या मशीनमधलं सिम कार्ड साहेबांनी काढून ठेवलं आणि म्हणाले, अब चलाओ. मशीन बंद. नेट गेलं की चार्जिंग चालू करायच्या आपल्याच कार्डाला ओळखेना. मशीनवाला म्हणाला, सर, यहाँ नेट जाता ही कहाँ है. साहेबांनी साल सरकवली.

तो गेल्यावर मला राहवलं नाही. मी म्हटलं, "साहेब, मला काढायचं असेल तर सरळ सांगा. रोज एक माणूस बोलावून माझ्यासमोर कशाला वदवून घेता?"

साहेब किन्नूच्या बिया बोटानं काढत होते. म्हणाले, "जे येणार आहे त्याचा वास आधी घेतलेला बरा, भाऊ. मागून आला की जास्त लागते."

मला राग आला होता. फोड दिली ती मी खाल्ली नाही, टेबलावर ठेवून गेटवर जाऊन उभा राहिलो.

तिसरा आला तो साधा माणूस होता, अंबाल्याचा. मशीन दिसायला बेंगरूळ, करड्या रंगाची पेटी. साहेबांनी प्रश्न विचारल्यावर त्यानं आधी पेटी उघडून ठेवली. मग सांगत गेला. नेट गेलं तर जी कार्डं आधी दाखवलेली आहेत ती मशीन लक्षात ठेवतं, चार्जिंग थांबत नाही, हिशेब नेट आल्यावर पाठवतं. केबलच्या तोंडाचं झाकण एका उन्हाळ्यात सैल होतं, ते बदलावं लागतं. बटणाचं रबर कमजोर आहे. बिघाड झाला तर आमचा माणूस त्याच दिवशी येईल असं मी लिहून देणार नाही, अंबाल्याहून येतो, कधी दुसरा दिवस उजाडतो. साहेबांनी सिम काढलं, कार्ड लावलं, मशीन चाललं. बागेचा पाइप आणून वरून पाणी मारलं, मशीनवाला उभा राहून भिजला पण अडवलं नाही. मग साहेबांनी गाडी लावून ठेवली आणि बऱ्याच वेळानं पेटीला नाक लावलं. नाक लावून इतका वेळ उभे राहिले, की वरच्या खिडक्यांत माणसं जमली.

मग माझ्याकडं वळून म्हणाले, "भाऊ, तुम्हाले काय वाटते? कोणतं घ्यावं?"

आता बघा. जे मशीन मला उठवणार, ते मीच निवडायचं. खोटं सांगता आलं असतं. पहिलं चकचकीत घ्या म्हटलं असतं तर ते सहा महिन्यांत पडलं असतं आणि मला परत बोलावलं असतं. पण फौजेत गाडी घेताना मी एकच बघायचो, मेकॅनिक तिच्या खोड्या सांगतो का. खोड्या सांगितलेली गाडी घाटात दगा देत नाही. मी म्हटलं, हे घ्या. उशिरा येईन असं तोंडावर सांगतो तो.

साहेबांनी अंबाल्याच्या माणसाला अख्खा किन्नू दिला. दुसरा अख्खा माझ्या हातावर ठेवला. त्या दिवशी मात्र मी खाल्ला. मी मनाशी म्हटलं, झालं, स्टूल गेलं.

तीन मशिनं बसली. कंत्राटदारानं वायरी ओढल्या, गुडगावच्या पडद्यावर हिरवे दिवे लागले, मिठाई वाटली. आणि पहिल्याच सोमवारी, सगळ्यांच्या गाड्या लागल्या आणि वर हीटर चालू झाले, तशी लिफ्ट बंद पडली. आत अकाउंट्सच्या मॅडम होत्या. ह्या मॅडम मोहालीच्या, सगळ्या ऑफिसात सर्वात आधी विजेची गाडी घेतलेल्या. दार उघडेपर्यंत त्यांनी लिफ्टमध्ये बसून आपला डबा खाऊन घेतला. बाहेर आल्या तेव्हा म्हणाल्या, आज पहली बार लंच किसी ने डिस्टर्ब नहीं किया.

साहेब लिफ्ट वापरतच नव्हते, त्यांना मजा आली. खाली येऊन मोठ्या बोर्डाचं दार उघडलं आणि नाक घातलं. एका जागी थांबले. म्हणाले, लाल गरम आहे.

मला समजावून सांगायला त्यांनी किन्नू सोलला. इमारतीत वीज तीन तारांनी येते, लाल, पिवळी, निळी. फोडींचे तीन ढीग केले. आपलं मशीन तिन्ही तारांवर बसतं, पण आत्ताच्या ह्या गाड्या एकाच तारेवरून खातात. आणि कंत्राटदारानं तिन्ही मशिनांना पहिली तार लालच दिली. म्हणजे पिवळी, निळी रिकामी बसल्यात आणि सगळ्या गाड्या लालवर लटकल्यात. लिफ्टही लालवर. एकूण ओझं जास्त नाही. एकाच तारेवर आहे म्हणून तुटून राहिलं.

कंत्राटदाराला बोलावून वायरी बदलून घेतल्या, एका मशीनला पहिली लाल, दुसऱ्याला पिवळी, तिसऱ्याला निळी. आणि रविवारी साहेब स्वतः रंगाचे डबे घेऊन आले. गुडघ्याखाली रुमाल घालून पार्किंगच्या फरशीवर रंगाचे पट्टे मारले, लाल, पिवळा, निळा. पट्टे वाकडे आले. मी म्हटलं, माझ्याकडं द्या ब्रश. नाही दिला.

सोमवारी सकाळी त्यांनी सगळी चार्जिंगची कार्डं एका दोऱ्यात ओवून माझ्या गळ्यात घातली. म्हणाले, कुणाची गाडी कुठल्या रंगावर लावायची ते तुम्ही ठरवायचं. तिघांवर सारखं ओझं ठेवायचं. कार्ड तुमच्याकडून घ्यायचं, तुम्हाले परत द्यायचं. वर जाऊन त्यांनी गुडगावला फोन लावला. मी जिन्यात उभा होतो. इंग्रजी मला येत नाही, पण एक शब्द ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, ऑपरेटर. पुढच्या महिन्यात माझ्या पगाराच्या कागदावर वॉचमन जाऊन ऑपरेटर आलं.

तेव्हापासून माझी सकाळ अशी असायची. अकाउंट्सच्या मॅडम यायच्या, अंकल जी, कार्ड, आज किस रंग पे? मी म्हणायचो, पिवळा. त्या कार्ड लावायच्या, आणि तिथंच उभ्या राहून सासूची तक्रार सांगायच्या. दुसऱ्या मजल्यावरचा एक सरदारजी यायचा, त्याचा गुडघा माझ्यासारखाच दुखतो, मग तेलाचं बोलणं. कुणी मुलाच्या परीक्षेचं सांगायचं. कुणी काहीच न बोलता उभं राहायचं आणि परत देताना कार्डाबरोबर शेंगदाणे द्यायचं. संध्याकाळी पुन्हा सगळे. मला तर दम घ्यायला वेळ नसायचा. कुणाची गाडी भरली, कुणाला आता निळ्यावरून हलवायचं, हे डोक्यात चालू. मुलाचा फोन आला की मी म्हणायचो, आता नाही, गाड्या आहेत. तो हसायचा. खोलीवर गेलो की दमलेला असायचो, आणि दमलेल्या माणसाला झोप लागते.

उन्हाळ्यात साहेबांनी नोकरी सोडली आणि नागपूरला गेले. निरोपाच्या दिवशी भाषण केलं नाही, सगळ्या मजल्यांवर जाऊन एकदा वास घेऊन आले. माझ्याजवळ थांबले. स्टुलाचा एक पाय डगडगत होता, तिथं त्यांनी खिशातून पाचर काढून ठोकली. मग अधूनमधून फोन करायचे. कसे आहात, जेवलात का, असलं काही नाही. फोन उचलला की पहिलं वाक्य, "स्टूल आहे ना जागेवर?" मला वाटायचं, ठोकलेल्या पाचरीचं विचारतात. मी म्हणायचो, आहे साहेब, डगडगत नाही. मग दोन-तीन मिनिटं नागपूरच्या उन्हाला शिव्या द्यायचे आणि ठेवायचे.

ह्या थंडीच्या तोंडाला एका मशीनच्या केबलचं झाकण सैल झालं. अंबाल्याच्या माणसानं सांगितलं होतं तसंच. कंपनीनं एक इंजिनियर मुलगी पाठवली. पोरगी हुशार आणि बोलकी. झाकण बदललं, लॅपटॉप जोडून मशीन तपासलं. मग फरशीकडं बघून विचारलं, अंकल, ये रंग किसलिए? मी मोठ्या तोऱ्यात समजावलं. तीन तारा, एकावर ओझं, मी ठरवतो कुठली गाडी कुठं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "अंकल, वो तो मशीन ख़ुद करती है. तीनों आपस में बात करती हैं. एक तार पे लोड बढ़ा तो अपने आप घटा देती हैं. पिछले साल वायरिंग बदली, उसी दिन से ऑन है." मी म्हटलं, आणि कार्ड? ती म्हणाली, कार्ड की क्या ज़रूरत? सबके फ़ोन में ऐप है, पहले महीने से. ऊपर बैठे-बैठे चालू कर सकते हैं.

तिचा काही दोष नाही. तिला काय माहीत. ती चहा पिऊन गेली. मी स्टुलावर बसलो आणि बराच वेळ उठलो नाही.

पहिल्यांदा रागच आला. लेहच्या घाटात बर्फात ट्रक काढलेला माणूस मी. माझ्या हातात खेळणं दिलं होतं. आणि सगळं ऑफिस खेळलं. वर्षभर. अकाउंट्सच्या मॅडम, गुडघेवाला सरदारजी, सगळे. फोनात अ‍ॅप असताना थंडीत खाली येऊन माझ्यापुढं हात पसरत होते, आज किस रंग पे. पाऊस आला तरी यायचे. त्या सगळ्यांना ठाऊक होतं आणि एकाच्याही तोंडून कधी निसटलं नाही. नवीन मॅनेजर आले त्यांच्याही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मशीनजवळच्या भिंतीत खिळा ठोकला आणि कार्डांचा दोरा त्यावर अडकवला. अकाउंट्सच्या मॅडम आल्या, हात पुढं केला. मी खिळ्याकडं बोट दाखवलं. म्हटलं, मैडम, मुझे सब पता चल गया. कार्ड भी नहीं चाहिए, मैं भी नहीं. ऐप से कर लो.

मॅडम थांबल्या. ओशाळल्या वगैरे नाहीत. म्हणाल्या, सर ने पहले दिन सबको बुलाके बोला था, ऐप जिसने चलाया उसकी गाड़ी मैं ख़ुद पंक्चर करूँगा. मी म्हटलं, सर गए ना. आता कोण पंक्चर करणार?

"सर गए," त्या म्हणाल्या, "पर सुबह-सुबह हालचाल किससे पूछूँ, अंकल जी? मशीन से?"

खिळ्यावरून दोरा काढून त्यांनी माझ्या मांडीवर ठेवला आणि हात तसाच पुढं धरून उभ्या राहिल्या. मागं सरदारजी येऊन उभा होता. त्याच्या मागं आणखी कुणी. मी कार्ड दिलं. म्हटलं, निळा.

त्याच आठवड्यात किन्नू बाजारात आले. मी सेक्टर २२ च्या मार्केटातून एक पेटी घेतली, चांगले निवडून घेतले, प्रत्येकाचा वास घेऊन. फळवाला बघत राहिला. पेटी कुरिअरनं नागपूरला पाठवली. बरोबर काही लिहिलं नाही, मला लिहायला वेळ लागतो, हेच बघा किती दिवस लिहितोय.

फोन आला. ह्या खेपेला पहिलं वाक्य वेगळं होतं. "नागपुरात संत्र्याच्या दिवसांत किन्नू पाठवता? गल्लीत तोंड दाखवायला जागा नाही ठेवली." तोंडात फोड होती, ते ऐकू येत होतं.

मी म्हटलं, "साहेब, ते रंग खोटे होते."

त्यांनी तोंडातली फोड संपवली. मग म्हणाले, "पहिला सोमवार खरा होता. लिफ्ट खरंच बंद पडली."

"आणि नंतर?"

"नंतर मशीनचं मशीननं पाह्यलं. मी तर तुमचं करून राहिलो होतो. तुमचंही सगळं एकाच तारेवर होतं, भाऊ. मले वास येत होता."

आभार मानायचे होते. आमच्याकडं तोंडानं आभार मानायची रीत नाही, आणि फौजेतही शिकवलं नाही. ती असती तर डबीत ठेचा भरून दिला असता आणि काम झालं असतं. मी फोन धरून बसलो. समोर मॅडमची गाडी निळ्या पट्ट्यावर लागली होती, पट्टा अजून वाकडाच आहे.

साहेबांनी बी थुंकल्याचा आवाज आला. "आंबट आहे," म्हणाले. "हे काय संत्र आहे का." आणि मग, नेहमीसारखं, "स्टूल आहे ना जागेवर?"

"आहे, साहेब," मी म्हटलं. "मी पण आहे."